बाई काम का सोडते? एकदा जागा बघा

आम्ही कल्याण-डोंबिवली भागात बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. मुरबाड, शहापूर, टिटवाळा, अंबरनाथ इथल्या गटांकडेही आमचं येणंजाणं असतं. या कार्यक्रमात आपण कर्जाबद्दल बोललो, हिशोबाच्या वहीबद्दल बोललो, माल विकण्याबद्दलही बोललो. आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ती गटाच्या कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. ती म्हणजे आपली कामाची जागा. बाई कुठे बसते, कुठे उभी राहते, तिच्या डोक्यावर उजेड कुठून पडतो, तिला तहान लागली तर पाणी कुठे आहे, याचा तिच्या मनावर, शरीरावर आणि शेवटी गटाच्या धंद्यावर काय परिणाम होतो, ते आज बघू. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

डोंबिवली तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली असेल. संध्याकाळी गाडी आली की स्टेशनमधून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. त्यात नोकरी करणाऱ्या बायका खूप. मध्य रेल्वेवर कल्याणहून मुंबईला जाणारी फक्त महिलांची लोकल 1992 सालापासून आहे, यावरून त्यांची संख्या लक्षात येईल. घरी पोचायला सात-आठ वाजतात, मग पोळ्या कधी लाटणार? म्हणून डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. कितीतरी घरांची चूल त्या पोळ्यांवर चालते, घेणाऱ्यांची आणि लाटणाऱ्यांचीही.

आमच्या एका गटानंही हे काम घेतलं. आठ जणी होत्या. एक गाळा भाड्याने घेतला, दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब. पुढे शटर, मागच्या भिंतीत एक लहान खिडकी. नारळ फोडला, पेढे वाटले. शेकड्यावर दर ठरला. पहिल्या महिन्यात सगळ्या जणी वेळेवर यायच्या, हसतखेळत काम चालायचं.

चार महिन्यांत तीन जणी सोडून गेल्या. कारण विचारलं तर एक म्हणाली, सासूबाईंची तब्येत बरी नसते. दुसरी म्हणाली, मुलाची परीक्षा आहे. तिसरी काही बोललीच नाही. आम्हाला वाटलं, पैसे कमी पडत असतील. बैठक घेतली, दर वाढवला. पुढच्याच महिन्यात चौथी गेली. त्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "बायकांना पैसे हवेत, काम नको." आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा आम्हीही मान डोलावली होती.

मग संक्रांत आली. त्या चौथ्या ताईंकडे हळदीकुंकवाला गेलो. बाकीच्या बायका गेल्यावर तिने चहा केला आणि म्हणाली, "ताई, खरं सांगू का? मी सकाळी सातला घरातून निघायचे, ते दुपारी तीनपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचे नाही. संडासाची चावी शेजारच्या दुकानात. दर वेळी त्या माणसाकडे चावी मागायची लाज वाटायची. तीनदा लघवीला जळजळ होऊन डॉक्टरकडे गेले. कमावलेलं तिथेच जायचं. हे बैठकीत बँकेचे साहेब बसलेले असताना कसं बोलू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिने आम्ही गाळ्यात येत होतो. यायचो, हिशोब बघायचो, एक पोळी खाऊन बघायचो, छान झाली म्हणायचो आणि निघायचो. एकदाही आम्हाला तिथल्या संडासाला जावं लागलं नव्हतं, म्हणून तो कुठे आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवून सकाळी सात ते दुपारी तीन गाळ्यात राहिलो. हातात वही नव्हती, लाटणं होतं. त्या एका दिवसात जे कळलं ते आठ महिन्यांत कळलं नव्हतं. ते एकेक करून सांगतो. तुमचं काम पापडाचं असो, मसाल्याचं, शिवणकामाचं किंवा पत्रावळीचं, हेच प्रश्न तुमच्याही जागेला लागू पडतील.

पहिली गोष्ट, जागा पुरते का? आमच्याकडे 1948 सालचा कारखाना कायदा झाला. त्यात गर्दीचं माप दिलेलं होतं. प्रत्येक कामगाराच्या वाट्याला निदान 14.2 घनमीटर जागा हवी. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे 500 घनफूट. हे कसं मोजायचं? खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटात मोजा आणि तिन्हींचा गुणाकार करा. छप्पर फार उंच असेल तर चौदा फुटांच्या वरची जागा धरायची नाही. आलेल्या आकड्याला 500 ने भागा. आमचा गाळा दहा बाय वीस, उंची दहा फूट. गुणाकार आला 2000. म्हणजे तिथे चार जणी मावतात. आम्ही आठ जणींना उभं केलं होतं, शिवाय पिठाची पोती, तेलाचे डबे आणि गॅसच्या शेगड्या! हा कायदा मोठ्या कारखान्यांसाठी होता, आपल्यासारख्या लहान गटाला तो लागू होत नव्हता. पण हवा काही कायदा बघून पुरत नाही. माप आपल्याला वापरता येतं. आम्ही मग चार-चार जणींच्या दोन पाळ्या केल्या. भाडं तेवढंच राहिलं.

दुसरी गोष्ट, हवा. गरम हवा वर जाते. ती बाहेर जायला वरच्या बाजूला वाट हवी आणि गार हवा आत यायला समोरच्या बाजूला खाली वाट हवी. दोन्ही वाटा नसतील तर पंखा कितीही फिरवा, तो आतलीच गरम हवा घुसळत राहतो. आमच्याकडे तवे होते मधल्या भिंतीला आणि खिडकी मागे. त्या खिडकीसमोर रिकामे डबे रचलेले. पाहायची सोपी रीत सांगतो. काम सुरू होण्याआधी, शेगड्या आणि सिलिंडर बंद असताना, खोलीत उदबत्ती लावा. धूर कुठे जातो ते बघा. जागच्या जागी घुटमळत असेल, तर तुमचा जीवही तिथेच घुटमळतो असं समजा. आम्ही डबे हलवले, तवे खिडकीखाली नेले, वर धूर बाहेर टाकणारा पंखा लावला. आपल्या ठाणे जिल्ह्यातला मे महिना म्हणजे अंगाला चिकटणारा घाम. त्यात तव्यासमोर सहा-सात तास उभं राहणारी बाई घरी गेल्यावर चिडचिड करते, तेव्हा तो तिचा स्वभाव नसतो, त्या खोलीचा ताप असतो.

तिसरी गोष्ट, उजेड. ट्यूबलाइट आहे की नाही एवढंच आपण बघतो. ती कुठे आहे हे बघत नाही. आमची ट्यूब बायकांच्या पाठीमागे होती. प्रत्येकीची सावली तिच्याच पोळपाटावर पडायची. पोळी कडेला जाड राहिली की गिऱ्हाईक तक्रार करायचं, आणि आम्ही म्हणायचो, लक्ष देऊन लाटा! तुम्ही शिवणयंत्रावर काम करत असाल तर सुईजवळ हात धरा. हाताची गडद सावली कापडावर पडली तर दिवा चुकीच्या जागी आहे. तो समोर किंवा डोक्यावर थोडा पुढे घ्या. भिंतींना चुना द्या. पांढरी भिंत उजेड परत टाकते, काळवंडलेली भिंत तो गिळते. जुन्या कारखाना कायद्यात चुना दिलेल्या भिंतींना निदान चौदा महिन्यांतून एकदा नवा हात द्यायची अट होती. आपण दिवाळीला घर रंगवतो, तसाच कामाच्या जागेचाही नंबर लावावा.

चौथी गोष्ट, उंची आणि बैठक. गाळ्यातला ओटा एकाच उंचीचा, आणि बायका मात्र उंच-ठेंगण्या. ठेंगणी बाई खांदे वर उचलून लाटायची, तिचे खांदे आणि मान भरून यायची. उंच बाई वाकून लाटायची, तिची कंबर जायची. माप साधं आहे. सरळ उभ्या राहा, हात कोपरात दुमडा. लाटण्यासारखं जोर लावायचं काम असेल तर ओटा कोपरापेक्षा पाच-सहा बोटं खाली हवा. निवडणं, टाके घालणं असं बारीक काम असेल तर कोपराच्या पातळीला किंवा थोडं वर चालतं. ओटा पाडायची गरज नाही. ठेंगणीला पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट द्या. उंच बाईसाठी आम्ही पोळपाटाखाली जाड लाकडी फळी घातली.

पण दिवसभर उभं राहणंही वाईट आणि दिवसभर मांडी घालून बसणंही वाईट. उभं राहून पाय सुजतात, शिरा फुगतात. खाली बसून गुडघे धरतात. म्हणून काम फिरतं ठेवलं. एक तास कणीक मळणं, एक तास लाटणं, एक तास भाजणं आणि एक तास स्टुलावर बसून पोळ्या मोजणं आणि बांधणं. आधी जी भाजायला लागली ती शेवटपर्यंत भाजतच राहायची. आता कोणीही आठ तास तव्यासमोर नसते.

बसण्याची गोष्ट निघाली म्हणून केरळची हकीकत सांगतो. कोळिकोडमध्ये कापडदुकानांतून काम करणाऱ्या बायका दिवसाचे दहा-बारा तास उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची मुभा नव्हती. संडासाचीही सोय नव्हती. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने या बायकांना एकत्र केलं. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली आणि पुढे ती बसण्याच्या हक्कापर्यंत गेली. 2018 साली केरळ सरकारने कायदा बदलला आणि दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं मालकावर बंधनकारक केलं. 2021 साली तामिळनाडूनेही तसंच केलं. विचार करा, एका स्टुलासाठी एवढी लढाई करावी लागली. आपल्या गटात ते स्टूल आपण आजच ठेवू शकतो.

पाचवी गोष्ट, पाणी आणि संडास. हीच आमची सगळ्यात मोठी चूक होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाई पाणी कमी प्यायली आणि लघवी रोखून धरली की मूत्रमार्गाला संसर्ग व्हायची शक्यता वाढते. पाळीच्या दिवसांत कपडा किंवा पॅड बदलायला आडोसा नसला तर त्या दिवसांत बाई येतच नाही, आणि आपण वहीत फक्त गैरहजर लिहितो. जुन्या कायद्यात बायकांसाठी वेगळं संडास हवं असं स्पष्ट होतं. पिण्याच्या पाण्याची जागा मोरी आणि संडासापासून निदान सहा मीटर लांब हवी, असंही होतं. 2020 साली संसदेने जुने कायदे एकत्र करून कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांची एक संहिता मंजूर केली. तिच्यातही स्वच्छता, हवा, उजेड, पिण्याचं पाणी आणि बायका-पुरुषांसाठी वेगळी संडासं या गोष्टी मालकाने द्यायच्या आहेत.

आम्ही काय केलं? फार काही नाही. गाळ्याच्या मालकाशी बोलून त्या संडासाची दुसरी चावी करून घेतली. ती आमच्या दाराशी खिळ्याला टांगली. आत एक बादली, साबण, झाकणाचा डबा आणि दाराला कडी लावली. चावी घ्यायला कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. एका चावीला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या चावीपायी आम्ही एक चांगली कामगार गमावली होती.

सहावी गोष्ट, आवाज आणि बोलणं. या दोन्ही गोष्टी एकत्र का घेतल्या, ते बघा. भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन आलेल्यांना माहीत आहे की तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मसाला कांडायच्या यंत्राशी, पिठाच्या गिरणीतही तसंच होतं. खूण अशी की हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज रोज सोसणं कानाला धोक्याचं आहे. यंत्र वेगळ्या खोलीत किंवा कोपऱ्यात न्या, त्याखाली जाड रबर घाला, कानात घालायचे बोळे आणा.

आमच्याकडे आवाज फारसा नव्हता, पण बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. का? कारण ओटे दोन भिंतींना लावलेले आणि प्रत्येक बाईचं तोंड भिंतीकडे. पाठीला पाठ लावून आठ तास. आम्ही मध्ये एक लांब टेबल आणलं आणि लाटणाऱ्या बायकांना समोरासमोर उभं केलं. दुसऱ्याच दिवशी गाळ्यात आवाज आला. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचं रेशनकार्ड, मध्येच एखादी ओवी. पोळ्या कमी झाल्या नाहीत, आणि दुपार कशी सरली ते कळेनासं झालं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी गरिबांच्या गाळ्याची रड आहे, मोठ्या ऑफिसात सगळं छानच असणार. तसं नाही. आपल्या गावांतल्या पुष्कळ मुली आता ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, घोडबंदर रोडला मोठ्या काचेच्या इमारतींत कामाला जातात. तिथे मोठा हॉल असतो, मधल्या भिंती नसतात, रांगेने टेबलं असतात. कल्पना अशी की भिंती काढल्या की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील. 2018 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत हे मोजून पाहिलं. भिंती काढल्यावर माणसांचं समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी सुमारे 70 टक्क्यांनी कमी झालं आणि संगणकावरचे निरोप वाढले. कारण समजायला अवघड नाही. चारचौघांच्या नजरेत सतत बसावं लागलं की माणूस कानात काहीतरी घालून मान खाली घालतो. भर बाजारात आपण मनातलं बोलतो का? म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं केलं तरी बाई गप्प होते आणि उघड्या मैदानात बसवलं तरी गप्प होते. आपल्या चार जणी समोर आणि बाकीच्यांपासून थोडा आडोसा, अशी जागा तिला बरी वाटते. वाड्यातला ओटा आणि पडवी अशीच असायची.

या ऑफिसांतली आणखी एक गंमत सांगतो. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत आमच्या ओळखीच्या मुली शाल घेऊन बसतात. वातानुकूलन यंत्र एवढं गार का ठेवतात? 2015 साली दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ऑफिसातल्या तापमानाचं जुनं गणित 1960 च्या दशकात मांडलेलं आहे, आणि ते चाळीस वर्षांच्या, 70 किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर धरून केलेलं आहे. बायकांच्या शरीरात साधारणपणे उष्णता कमी तयार होते, म्हणून त्यांना थंडी जास्त लागते. म्हणजे आमच्या गाळ्यात बाई तापत होती आणि काचेच्या इमारतीत तिची मुलगी गारठत होती. कारण मात्र एकच. जागा मांडताना दोघींना कोणी विचारलं नव्हतं.

विचारण्यावरून एक जुना प्रयोग सांगावासा वाटतो. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा कारखाना होता. तिथे 1924 सालापासून प्रयोग सुरू झाले. आधी उजेड कमी-जास्त करून पाहिला. काम नक्की कशाने वाढतं ते कळेना, कारण ज्यांचा उजेड बदलला नाही त्यांचंही काम वाढलं. मग 1927 साली त्यांनी सहा बायकांना वेगळ्या खोलीत बसवलं. पाच जणी सुटे भाग जोडणाऱ्या, एक त्यांना सामान देणारी. त्यांना मधल्या वेळची सुट्टी दिली, खायला दिलं, दिवस लहान करून पाहिला. आणि प्रत्येक बदलाआधी त्यांचं मत विचारलं. काम वाढत गेलं, पुढच्या काही वर्षांत सुमारे 30 टक्क्यांनी.

यावरून काहींनी असा अर्थ काढला की बाईकडे लक्ष दिलं की पुरे, बाकी कशाची गरज नाही. ते खरं नाही. त्याच प्रयोगात त्या बायकांची मजुरी त्यांच्या लहान गटाच्या कामावर ठरायला लागली होती, म्हणजे पैसेही वाढले होते. आणि फार बोलतात म्हणून त्यातल्या दोघींना मध्येच बदललंही होतं. म्हणून आम्ही या गोष्टीतून एवढंच घेतो की पैसा, जागा आणि विचारपूस या तिन्ही गोष्टी लागतात. मजुरी कमी देऊन भिंतीला रंग काढला तर बायका फसत नाहीत. आणि मजुरी वाढवून संडासाला कुलूप ठेवलं तरी त्या टिकत नाहीत, हे आम्ही स्वतः अनुभवलं.

काही गट विचारतात, गाळ्याची कटकट कशाला, घरीच काम केलं तर? तेही चालू शकतं. लिज्जत पापडाचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे काम वाढल्यावर त्यांनी जागेचा प्रश्न विचारपूर्वक सोडवला. पीठ केंद्रावर भिजवायचं, लाट्या घरी न्यायच्या, आपल्या सोयीने लाटायचे आणि पापड केंद्रावर आणून द्यायचे. पण घरी काम करायचं तर घरातही तेवढी स्वच्छ, उजेडाची, मुलांच्या पायाखाली न येणारी जागा हवी. एका खोलीच्या घरात ती नसेल तर घरचं काम सोयीचं न होता बाईच्या झोपेवर येतं. म्हणून घर की गाळा, हेही प्रत्येकीला विचारूनच ठरवा.

सातवी आणि शेवटची गोष्ट, येण्याजाण्याची आणि सुटकेची वाट. जागा स्वस्त मिळते म्हणून आपण गावाच्या टोकाला किंवा अंधाऱ्या गल्लीत खोली घेतो. मग अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून बायका अर्धं काम टाकून जातात. भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात जातात. जागा घ्यायच्या आधी तिथे संध्याकाळी एकदा चालत जा. आणि आत दार अडवू नका. आमच्याकडे शटरच्या तोंडाशीच पिठाची पोती होती. 23 मे 2024 रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला, माणसं दगावली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आपला धंदा रसायनांचा नाही, पण आपल्याकडे सिलिंडर असतो. तो उभा ठेवा, तव्यापासून लांब ठेवा, आणि सगळ्या जणी धावत बाहेर पडू शकतील एवढी वाट कायम मोकळी ठेवा.

आता हे तुमच्या गटात कसं करायचं ते सांगतो. आधी गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि आमच्यासारख्या समन्वयकांनी एक पूर्ण पाळी तिथे काम करावं. भेट देणं आणि पाळी करणं यात फार फरक आहे. मग बायकांना विचारा, पण सगळ्यांसमोर तोंडी विचारू नका. लाजेच्या गोष्टी तशा बाहेर येत नाहीत. आम्ही चिंचोके वापरले. सात वाट्या मांडल्या, प्रत्येकीवर चित्र काढलं: पाणी, संडास, पंखा, दिवा, स्टूल, दार आणि बोलणाऱ्या दोन बायका. प्रत्येकीला पाच चिंचोके दिले. ज्याचा त्रास जास्त, त्या वाटीत जास्त चिंचोके टाकायचे. एकेकीने पडद्याआड जाऊन टाकायचे. लिहितावाचता येण्याची गरज नाही, कोणाचं नाव कळत नाही. आमच्याकडे संडासाची वाटी भरली, स्टुलाची दुसरी आली. ज्या पंख्यासाठी आम्ही आधी पैसे काढून ठेवले होते तो तिसरा होता.

पैसे लागणाऱ्या गोष्टी नंतर करा. पोती हलवणं, तवे खिडकीशी नेणं, पाळ्या करणं, काम फिरतं ठेवणं, पिशवी आणि साडी टांगायला प्रत्येकीला खुंटी ठोकणं, याला फारसा खर्च येत नाही. आमचा चुना, पंखा, टेबल आणि चावी मिळून जो खर्च झाला, तो आम्ही दरवाढीत वाटलेल्या पैशांपेक्षा कमीच होता. महिन्याने चिंचोके पुन्हा टाका, कारण एक त्रास गेला की खालचा दुसरा दिसतो. आणि मासिक बैठकीच्या इतिवृत्तात बचत, कर्ज, वसुली यांच्याबरोबर एक ओळ 'जागा' अशी घाला. लिहिलं की विचारलं जातं.

आता पुढे काय झालं ते सांगतो. सोडून गेलेल्या चार जणींकडे आम्ही पुन्हा गेलो आणि चुकलो म्हणून सांगितलं. दोघी परत आल्या. त्यात ती चावीवाली ताई आहे. एकीने तोवर दुसरं काम धरलं होतं. आणि एकीचे गुडघे आता उभं राहण्यासारखे उरले नाहीत. त्याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण स्टूल पहिल्या दिवशी आणता आलं असतं.

मैत्रिणींनो, मोठ्या कारखान्यात मालक वेगळा असतो, कामगार वेगळा. त्रास झाला तर कामगार मालकाकडे बोट दाखवतो, संघटना करतो. आपल्या गटात मालकही आपण आणि मजूरही आपण. म्हणून तक्रार कोणाकडे करायची हे कळत नाही आणि बाई मुकाट्याने निघून जाते. सासूबाईंचं नाव सांगते, मुलाची परीक्षा सांगते. पुढच्या वेळी तुमच्या गटातली एखादी अशी निघून गेली, तर तिच्याबद्दल काही बोलण्याआधी ती जिथे उभी राहायची त्या जागेवर जाऊन उभ्या राहा. तिथून काय दिसतं ते बघा. आणि जाताना संडासाची चावी कुठे आहे, तेही विचारा.